लिलावाचा आवाज

आमच्या देवळात माझ्या आवाजाला मान होता, पण तो वर्षातून एकदाच, आणि तोही कोंबड्या विकण्यासाठी.

देऊळ म्हणजे चर्च. कृष्णाकाठच्या आम्हा जुन्या ख्रिस्ती घरांत अजून देऊळच म्हणतात. फेब्रुवारीत शाळू काढून झाला, हळद शिजायला लागली, की आमचा हंगामाचा सण येतो. त्या रविवारी प्रत्येक घर आपल्या शेतातलं नाहीतर परसातलं काहीतरी आणून वेदीपुढे ठेवतं. उसाची मोळी, शाळूची कणसं, ओली हळद, गुळाची ढेप, भोपळा, चिंधीनं पाय बांधलेला कोंबडा. ज्यांना शेत नाही ते बाजारातून नारळ घेऊन येतात. उपदेश चालू असताना कोंबडा मधूनच आरवतो आणि पोरं खुदखुदतात. उपासना संपली की हे सगळं बाहेर चिंचेखाली मांडायचं आणि त्याचा लिलाव करायचा. जे येईल ते मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, कामाला.

लिलाव पुकारायला आवाज लागतो. एकवार, दोनवार म्हणत माणसाला हसवायचं, चिडवायचं, शेजाऱ्याशी ईर्षेला पेटवायचं आणि नारळाला कोहळ्याचा भाव आणायचा. हे काम माझ्याकडे कसं आलं ते मला नीटसं आठवत नाही. एका वर्षी पुकारणाऱ्या मामांचा घसा बसला होता आणि कुणीतरी म्हणालं, शाळेतल्या बाई आहेत की. तेव्हापासून मीच. लिलावाला गावातले हिंदू शेतकरीही हौसेनं येत. त्यातले एक पैलवानी थाटाचे आजोबा दर वर्षी मला म्हणायचे, "बाई, तुमचा आवाज म्हंजे कारखान्याचा भोंगा हाय. बोली न्हाई केली तर वर्गाबाहेर हुबं करतील, या भ्यानं मानूस बोली करतंय."

सगळे हसत, मीही हसत असे. पण घरी येऊन साडी बदलताना दर वर्षी एकच विचार यायचा. एवढ्या आवाजाची बाई या मंडळीत आहे आणि तिचा आवाज यांना चिंचेखाली लागतो. आत, व्यासपीठावर नाही.

हे दुखणं जुनं होतं. माझे वडील मिरजेला दवाखान्यात शिपाई होते आणि मी सांगलीला मुलींच्या बोर्डिंगात शिकत होते. नववीच्या मे महिन्यात आम्हाला पाचगणीला शिबिराला नेलं. थंड हवा, सिल्व्हर ओकची झाडं, सकाळी घावनं. शेवटच्या दिवशी बाहेरून आलेल्या उपदेशकांनी पाचारणावर भाषण केलं. देव माणसाला एखाद्या कामासाठी नावानिशी हाक मारतो, त्याला आमच्यात पाचारण म्हणतात. त्यांनी विचारलं, आपलं आयुष्य कोण देवाच्या सेवेला देतं, त्यांनी पुढे यावं. मी उठले. मला कुणी ढकललं नव्हतं आणि मैत्रिणींबरोबर म्हणूनही मी गेले नाही. मला हाक ऐकू आली होती. आज या वयात, एवढे पावसाळे-उन्हाळे बघून झाल्यावरही, ती आली नव्हती असं मला म्हणता येत नाही.

पुढे गेलेल्या मुलांच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी प्रार्थना केली, सेमिनरीत, म्हणजे धर्मशिक्षणाच्या कॉलेजात, कधी जाणार ते विचारलं. आम्हा मुलींना एका बाकावर बसवलं आणि प्रेमानं विचारलं, नर्स व्हायचं की शिक्षिका? माझ्या शेजारची म्हणाली नर्स. मी म्हणाले पाळक. आमच्यात धर्मगुरूला पाळक म्हणतात, आणि तेव्हा आमच्याकडे बाई पाळक होत नसे. तरी ते गृहस्थ रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, मी चिडून हट्टाला पेटले असते. ते हसले, माझ्या वेणीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "बाळ, देवाला शिक्षिकाही लागतात."

आई-वडिलांना हे वाक्य फार आवडलं. घरी आल्यागेल्याला ते ऐकवलं जायचं. पुढे मी डी.एड. केलं, लग्न झालं, कऱ्हाडच्या खालच्या अंगाला मिशनच्या एका जुन्या शाळेत लागले ती अजून तिथंच आहे.

शाळेवर माझा राग नाही, हे सांगून ठेवते. उलट मी तिथं जीव ओतला. सकाळच्या परिपाठात प्रार्थनेनंतर दोन-तीन मिनिटं बायबलमधलं वचन सांगायची आमच्या शाळेत पद्धत होती, आणि ते काम इतर शिक्षकांना नकोसं असल्यामुळे आपोआप माझ्याकडे आलं. तेच माझं व्यासपीठ झालं. समोर आमची पाच-सहा ख्रिस्ती पोरं, बाकी सगळी ऊसवाल्यांची, फौजींची, बाजारपेठेतल्या दुकानदारांची. त्यांना धर्म शिकवायचा नव्हता. क्षमा म्हणजे काय, शेजारी कोण, हरवलेलं मेंढरू शोधायला कळप सोडून का जायचं, एवढंच त्यांच्या शेताबांधावरच्या गोष्टीत घालून सांगायचे. पोरं ऐकायची. नंतर येऊन मागणीही करायची. एकीचे पप्पा सियाचीनला होते, त्यांच्यासाठी प्रार्थना करा म्हणाली. तिच्या मागे उभा असलेला म्हणाला, "बाई, आमची म्हस गाबन हाय, तिच्यासाठी बी करा." मी दोन्हींसाठी केली. म्हशीला रेडकू झालं आणि पप्पा सुट्टीवर आले. त्या महिन्यात शाळेत माझा भाव फार वधारला होता.

पण शाळा आवाज खाते. जूनमध्ये वर्ग उघडायचा, ओल्या रेनकोटांचा वास, आणि वर पत्रा. पाऊस सुरू झाला की पत्र्यावर असा कोसळायचा की फळ्याजवळचं बोलणं तिसऱ्या बाकालाही पोचायचं नाही. इतर शिक्षक अशा वेळी पोरांना लिहायला लावून गप्प बसत. मी नाही बसले. पावसाशी भांडत कविता शिकवल्या. नाताळच्या आधी नाटकाच्या तालमी, त्यात मेंढपाळ झालेली पोरं खरोखरची शेळी घेऊन येत आणि ती शेळी पडदा खाई, तिथं ओरडणं. जानेवारीत मैदानावर खेळ, बाहेरच्या रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या गाणी लावून चाललेल्या, त्यांच्यावरून शिट्टी आणि आवाज. मार्चमध्ये खडूची धूळ आणि परीक्षा. मे महिन्यात घसा जरा मोकळा व्हायचा तोवर पुन्हा जून. घरी गूळ-सुंठ, मिठाच्या गुळण्या. लष्करातून निवृत्त झालेले आमचे हे म्हणायचे, परेड ग्राउंडवरच्या सुभेदाराला सुद्धा रविवारी सुट्टी असते.

मधल्या वर्षांत दोन गोष्टी बदलल्या. शाळेत स्पीकर आला, परिपाठाचं वेळापत्रक आखून आलं, आणि माझी वचनाची मिनिटं आकसत आकसत एका सुविचारावर आली. आणि तिकडे आमच्या मंडळीचे नियम बदलले. आता बाईलाही सेमिनरीत जाता येतं, पाळक होता येतं. हे ज्या दिवशी देवळात जाहीर झालं त्या दिवशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. माझी निवृत्ती तेव्हा हाकेच्या अंतरावर आली होती.

मग गेल्या वर्षी आमच्याकडे नवे पाळक आले. वयानं माझ्या मुलाएवढे. त्यांनी घरोघरी भेटी दिल्या, माझ्याकडे चहा घेताना कुठूनतरी पाचगणीची गोष्ट निघाली. आमच्या ह्यांनीच काढली असणार, ते गप्प वाटतात पण वेळेला बरोबर गोळी घालतात. जानेवारीत पाळकसाहेबांचा फोन आला. या वर्षी हंगामाच्या सणाला लिलाव दुसरं कुणीतरी पुकारेल, उपदेश तुम्ही करा, म्हणाले.

फोन ठेवला आणि मी स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून उभी राहिले. रडले म्हणायला हरकत नाही.

उपदेशाचा विषय मला शोधावा लागला नाही, तो माझ्याजवळ कैक वर्षं तयार होता. शेत कापताना त्याच्या कडा कापू नयेत, ते पीक वाटसरूसाठी, परक्यासाठी, विधवेसाठी सोडावं असा बायबलात नियम आहे. त्यावर मला बोलायचं होतं. कड सोडणारा समजतो आपण दान केलं, पण ती कड पहिल्यापासून त्याची नव्हतीच, असं मला सांगायचं होतं. मी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. संध्याकाळी गच्चीवर जाऊन मोठ्यानं म्हणून बघायला लागले, आणि तिथंच आवाज मधल्या मधे तुटायला लागला. आधी वाटलं थंडीमुळे. मग एके दिवशी वर्गात हजेरी घेताना एका मुलीचं आडनाव माझ्या तोंडून बाहेरच पडेना. ओठ हलले, आवाज नाही. पोरांना वाटलं बाई गंमत करतात.

मिरजेला डॉक्टरांनी घशात कॅमेरा घालून दाखवलं. स्वरतंतूंवर गाठी होत्या. साध्या आहेत, घाबरायचं कारण नाही, मार्चमध्ये छोटं ऑपरेशन करू, म्हणाले. पण आजपासून पूर्ण मौन. मी कागदावर लिहून विचारलं, एकच दिवस, फक्त अर्धा तास, समोर माइक लावून हळू बोलले तर? ते म्हणाले कुजबुजणं तर आणखी वाईट. हट्ट केलात तर पुन्हा शिकवता येईल याची खात्री मी देणार नाही. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आले तर दात नाहीत, ही म्हण मी दर वर्षी पाचवीला शिकवते. एसटीनं परत येताना ती माझ्याबरोबर कऱ्हाडपर्यंत खिडकीशी बसून आली.

देवावर मी चिडले. उगाच मोघम लिहीत नाही, चिडले. हाक त्यानं मारली, मग पुढची सगळी वर्षं माझा आवाज पत्र्याखाली खर्ची घातला, आणि जेव्हा दार उघडलं तेव्हा घसा काढून घेतला. ही कसली पद्धत, असं मी त्याला मनातल्या मनात विचारत होते, कारण मोठ्यानं विचारायचीही सोय उरली नव्हती. घरी ह्यांनी बाजारातून पुसायची पाटी आणून दिली आणि तीस-पस्तीस वर्षांत पहिल्यांदा घरात शांतता आहे म्हणाले. मी पाटीवर जे लिहिलं ते इथे लिहीत नाही.

पाळकसाहेबांनी सण पुढे ढकलायची तयारी दाखवली, पण हंगाम कुणाच्या घशासाठी थांबत नाही. मग त्यांनी सुचवलं, उपदेश तुमचाच, फक्त वाचायला कुणीतरी द्या. मी तिचं नाव लिहून दिलं.

ती म्हणजे माझी जुनी विद्यार्थिनी, आता आमच्याच शाळेत माझ्या शेजारच्या वर्गावर शिकवणारी. कडेगावकडच्या एका वस्तीवरची ख्रिस्ती घरातली मुलगी. बाप लहानपणीच गेलेला, आई लोकांच्या शेतात राबणारी. पाचवीत माझ्या वर्गात आली तेव्हा उंच म्हणून शेवटच्या बाकावर बसायची आणि इतकं हळू बोलायची की मी सारखी ओरडायचे, मोठ्यानं, पोटातून आवाज काढ. तिचा आवाज कधी मोठा झाला नाही. शिक्षिका झाल्यावरही नाही. तिच्या वर्गात पोरं गप्प का बसतात याचं मला नेहमी आश्चर्य वाटे. मी ते तिच्या नशिबावर ढकललं होतं. मी तिला निवडलं कारण ती काना-मात्रा न चुकवता वाचते. खरं कारण आणखी एक होतं. तिच्या वाचण्यानं माझ्या उपदेशात तिची काही भर पडणार नाही, असं मला वाटलं होतं.

सणाच्या दिवशी देऊळ भरलं होतं. वेदीपुढे हळदीचा वास, कोपऱ्यात उसाच्या मोळ्या, आणि नेहमीप्रमाणे कोंबडा. मी पहिल्या बाकावर ह्यांच्या शेजारी बसले होते. ती व्यासपीठावर चढली, माझे कागद नीट केले आणि सुरू झाली. आवाज तोच, हळू. पहिल्या दोन-तीन वाक्यांना मागून कुणीतरी खोकलं, मग खोकणंही थांबलं. लोक पुढे झुकून ऐकत होते. माझीच वाक्यं, पण मी ती अशी कधी ऐकली नव्हती. मी म्हणाले असते तर ती पत्र्यावरच्या पावसाला ऐकू जातील अशी म्हणाले असते.

कडा सोडण्याच्या भागाशी ती आली आणि थांबली. मला वाटलं ओळ चुकली. तिनं कागद खाली ठेवले.

"माझी आई सरवा वेचायला जायची," ती म्हणाली. "शाळू काढून झाला की रानात पडलेली कणसं वेचायची, त्याला सरवा म्हणतात. मी तिच्या मागं असायचे. एका रानात मालक आमच्या आधी येऊन सगळं वेचून न्यायचा. दुसऱ्या रानातला मालक आम्ही आलो की पाठ करून उभा राहायचा. तो आम्हाला काही द्यायचा नाही. नुसता आमच्याकडं बघायचा नाही. माझी आई म्हणायची, त्या मानसाला देव म्हाईत हाय."

मग तिनं कागद उचलले आणि माझ्या पुढच्या वाक्यापासून वाचायला लागली. पण आता माझ्या वाक्यांकडे कुणाचं लक्ष नव्हतं. माझ्या मागे बाया पदर डोळ्यांना लावत होत्या. आमचे हे, ज्यांना मी रडताना आईच्या मातीलाही पाहिलं नाही, ते चष्मा पुसत होते. आणि मी काय करत होते? मी मनात म्हणत होते, हे माझ्या कागदात नाही.

उपासना संपली. पाळकसाहेबांनी तिला खाली येऊ दिलं नाही. ते म्हणाले, मला आज काहीतरी दिसलं आहे आणि मला वाटतं मंडळीलाही दिसलं आहे. मंडळीचा कारभार बघणारी पंचमंडळी उठली, तिला वेदीपुढे गुडघ्यांवर बसवलं, आणि सगळ्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून तिच्या पाचारणासाठी प्रार्थना केली. मोठ्यानं, एकामागून एक, आमच्यात करतात तशी. हळद आणि उसाच्या मधोमध तिचं वाकलेलं डोकं दिसत होतं. माझा हात माझ्या मांडीवर होता.

बाहेर चिंचेखाली लिलाव एका भिडस्त माणसानं पुकारला आणि कोंबडा मातीमोलानं गेला. ते पैलवानी आजोबा मला शोधत आले. "बाई, तुमची पोरगी लय ग्वाड बोलली," म्हणाले. "आमी हितनं खिडकीतनं ऐकलं." मी मान हलवली. मौनाचा एक फायदा असतो, माणसाला वाटेल तसा चेहरा करून वेळ मारून नेता येते.

मार्चमध्ये ऑपरेशन झालं. पुन्हा मौन, तपासणी होईपर्यंत एक शब्द नाही. माझे वर्ग तीच घेत होती. रोज संध्याकाळी मोबाइलवर तिचा मेसेज यायचा, आज काय शिकवलं, कोण रडलं, कोण पास होईल असं वाटतं. शेवटी एक ओळ असायची, तुमच्याशी बोलायचंय. मी उत्तर द्यायचे, बरं वाटल्यावर. मेसेज टाइप करायला घसा लागत नाही हे तिलाही कळत होतं. ती शहाणी, कधी तसं म्हणाली नाही.

अखेर ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी दुपारी ती न विचारताच आली. सकाळच्या मिरवणुकीतली शिंदीची झावळी अजून हातात होती. ह्यांनी दार उघडलं, पाणी दिलं आणि कधी नव्हे ते भाजी आणायचं निमित्त काढून बाहेर पडले. ती समोर बसली, झावळीची टोकं मोडत राहिली. मग म्हणाली, पाळकसाहेब सांगतात जूनमध्ये सेमिनरीत जा, सगळी व्यवस्था होईल. आई म्हणते पक्की नोकरी सोडून येड लागलं का तुला. शाळेत कुणाला विचारायची सोय नाही. आणि मला स्वतःला काही कळत नाही, त्या दिवशी बोलताना जे झालं ते पुन्हा होईल की नाही.

"बाई, तुमी म्हणाल तसं करते मी," ती म्हणाली. शिकल्यापासून ती माझ्याशी कधी घरच्या बोलीत बोलली नव्हती.

मी पाटी घेतली. उत्तर माझ्याकडे तयार होतं आणि ते चांगलं उत्तर होतं. आई एकटी आहे, नोकरी पक्की आहे, पोरं तिच्यावर जीव टाकतात, आणि शाळेतही सेवा करता येते. मी लिहायला लागले: देवाला शिक्षिकाही...

हात थांबला. हे वाक्य कुणाचं आहे ते पाटीवर उमटल्यावर मला दिसलं. त्यांनीही ते प्रेमानंच म्हटलं होतं. त्यांच्या मनात माझ्याविषयी असूया नव्हती एवढाच काय तो फरक, म्हणजे मी त्यांच्यापेक्षा वाईट. मी तळहातानं पाटी पुसली. ती बघत होती. अर्धं वाक्य तिनं वाचलं होतं की नाही, मला अजून माहीत नाही.

"जा," मी म्हणाले.

इतक्या दिवसांनी घशातून निघालेला तो आवाज माझा वाटलाच नाही. गंजलेल्या कडीसारखा होता, आणि अगदी हळू. जन्मभर तिला मोठ्यानं बोल म्हणणारी मी, आणि आता ती पुढे झुकून विचारत होती, काय म्हणालात बाई? मी पुन्हा म्हणाले, जा. लिलावात तिसऱ्या हाकेनंतर वस्तू ज्याची झाली त्याची, पुकारणाऱ्याला मग तिच्याकडे बघायचंही कारण उरत नाही. मी तिसऱ्यांदाही म्हणाले. ती माझ्या पायांशी बसली, डोकं माझ्या गुडघ्यावर टेकवलं, आणि जो हात त्या रविवारी मांडीवरून उचलला नव्हता तो मी तिच्या डोक्यावर ठेवला.

पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी विचारलं, मधे बोललात का? मी होकारार्थी मान हलवली. ते म्हणाले थोडी खरखर राहील.

जूनमध्ये ती गेली आणि मी वर्गावर परतले. कमरेला लावायचा छोटा माइक मुलानं पाठवलाय. पाऊस पत्र्यावर आला की मी आता पोरांना लिहायला लावते. तिच्या वर्गावर नवीन मुलगी आलीय, चांगली आहे, ओरडते. देवळात लोक मला थांबवून म्हणतात, बाई, तुमच्या हाताखालची मुलगी पाळक होणार, किती अभिमान वाटत असेल. वाटतो. खोटं कशाला सांगू, दुसरंही काही वाटतं, आणि ते जाईल असं दिसत नाही. पाचगणीच्या त्या बाकावर मलाही कुणीतरी तेवढा एक शब्द म्हणायला हवा होता. तो म्हणायला फारसा आवाज लागत नाही, हे मला आता माहीत आहे.